नळ आला, पण कुठपर्यंत?

रूम बघायला गेल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? भाडं किती. आणि त्याच दमात दुसरा, पाणी किती वेळ येतं? मग लाइटचं मीटर वेगळं आहे का, गॅसची लाइन आलीय का. नुसत्या चार भिंतींना घर म्हणत नाहीत, हे भाड्याने राहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण ही लाइन गरिबाच्या घरापर्यंत आणायचा खर्च कुणी करायचा? कंपनीने, घरमालकाने की पालिकेने? दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका महापौराने हा प्रश्न अंगावर घेतला होता. जोसेफ चेंबर्लेन. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? हिटलरशी म्युनिकचा करार करणारे ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबर्लेन, त्यांचे हे वडील.

जोसेफचा जन्म १८३६ चा, लंडनचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. अठराव्या वर्षी वडिलांनी त्याला बर्मिंगहॅमला नातेवाइकांच्या स्क्रूच्या कारखान्यात धाडलं. हो, लाकडात पिळायचे साधे स्क्रू! त्यातच त्याने इतका पैसा केला की १८७४ मध्ये, चाळिशीच्या आत, धंद्यातून तो मोकळा झाला. घरात मात्र सुख टिकलं नाही. पहिली पत्नी १८६३ मध्ये बाळंतपणात गेली, दुसरी १८७५ मध्ये, तीही बाळंतपणातच.

१८६९ मध्ये तो नगरसेवक झाला आणि १८७३ च्या नोव्हेंबरात महापौर. तेव्हाचं बर्मिंगहॅम डोळ्यासमोर आणा. कारखान्यांचं शहर, आणि कामगारांची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. म्हणजे मागची भिंत दोन घरांत एकच, खिडकी फक्त पुढच्या बाजूला. मधे एक अंगण, त्यात सगळ्यांना मिळून पाणी आणि सगळ्यांना मिळून संडास. शहरातली साधारण निम्मी माणसं विहिरीचं पाणी प्यायची आणि त्यातल्या कित्येक विहिरींत मैला झिरपायचा. नळाचं पाणी यायचं आठवड्यातून तीन दिवस. ते विकायची एक खासगी कंपनी. गॅसच्या तर दोन कंपन्या.

जोसेफने आधी गॅस धरला, आणि इथेच त्याच्यातला धंदेवाला दिसतो. पालिकेकडे स्वतःची मिळकत फारशी नव्हती. घरपट्टी वाढवली की मतदार अंगावर येणार. मग पैसा आणायचा कुठून? त्याचं गणित असं: घरपट्टीच्या तारणावर पालिकेने कर्ज काढायचं, दोन्ही गॅस कंपन्या विकत घ्यायच्या आणि बिलांच्या कमाईतून कर्ज फेडून उरलेला नफा शहरावर लावायचा. सौदा जवळपास वीस लाख पौंडांचा होता. काही जणांना धडकी भरली. तेव्हा जोसेफने सांगून टाकलं की पालिकेला भीती वाटत असेल तर हा धंदा मी स्वतः चालवायला घेतो, वर पालिकेला दरसाल पैसेही देतो! अर्थात ती वेळ आली नाही. १८७५ मध्ये गॅस पालिकेचा झाला आणि पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा हाती आला.

पाण्याचा हिशेब त्याने मुद्दाम वेगळा ठेवला. कंपनी घेतली साडेतेरा लाख पौंडांना, १८७६ मध्ये. पण गॅसवर नफा चालेल, पाण्यावर नको, पाणी पडत्या किमतीतच द्यायचं, असा त्याचा आग्रह. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणा निर्णय. दूषित विहिरी बंद करायच्या असतील तर नळाचं पाणी परवडायला नको का?

आता दुसरी बाजू. १८७५ च्या कायद्याने पालिकांना झोपडपट्टी पाडायचे अधिकार मिळाले. जोसेफने शहराच्या मधोमध दाट वस्तीची सुमारे ५० एकर जागा घ्यायला लावली आणि तिथून एक मोठा रस्ता काढला, कॉर्पोरेशन स्ट्रीट. स्वतःच्या खिशातले दहा हजार पौंडही घातले. पण उठवलेल्या लोकांसाठी पालिकेने घरं बांधायची म्हटल्यावर, खर्च झेपणार नाही, असं ठरलं. जागा ७५ वर्षांच्या कराराने दुकानांना, ऑफिसांना गेली. पुढे या भागातला मृत्युदर हजारी ५३ वरून २१ वर आला म्हणून खूप कौतुक झालं. मान्य. पण तिथले बरेच जुने रहिवासीच तिथे उरले नव्हते, हे कोण मोजणार?

जोसेफ तोवर लंडनला पोचला होता. १८७६ मध्ये खासदार, पुढे मंत्री. आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करून त्याने स्वतःचाच पक्ष फोडला, १८९५ पासून वसाहतमंत्री म्हणून साम्राज्याचा झेंडा नाचवला आणि बोअर युद्धाचं समर्थन केलं. कोटाला ऑर्किड, डोळ्याला एकच भिंग, हे व्यंगचित्रकारांचं लाडकं गिऱ्हाईक. या जोसेफबद्दल आपल्याला प्रेम वाटायचं कारण नाही.

इकडे पालिकेने पाण्याचं काम चालूच ठेवलं होतं. १९०४ मध्ये वेल्सच्या डोंगरांतून ७३ मैलांवरचं पाणी, पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात आलं. म्हणजे धरण झालं, कालवा झाला, रस्त्याखालची मोठी पाइपलाइनही झाली. राहिलं काय? रस्त्यापासून खोलीपर्यंतचे काही फूट. तो खर्च मालकाच्या मर्जीवर. आणि मालक अंगणात एक नळ बसवून मोकळा व्हायचा, कारण घरोघरी पाइप नेला म्हणून त्याचं काही अडणार नव्हतं आणि त्या भाडेकरूला वाढीव भाडं परवडणारही नव्हतं.

हे मोजलं कुणी माहितीये? जोसेफच्या मुलानेच. नेव्हिल तेव्हा बर्मिंगहॅमचा नगरसेवक होता आणि १९१३ मध्ये घरांच्या चौकशी समितीची सूत्रं त्याच्याकडे आली. समितीला पाठीला पाठ लावलेली ४३ हजारांवर घरं सापडली, त्यांत सुमारे दोन लाख माणसं. ४२ हजार घरांना स्वतःचा नळ नाही, मोरी नाही, गटार नाही. ५८ हजार घरांना स्वतःचा संडास नाही. गॅस आणि पाणी पालिकेचं झाल्याला तेव्हा जवळपास चाळीस वर्षं होत आली होती.

१९०६ मध्ये जोसेफला पक्षाघात झाला होता. नंतर तो सार्वजनिक कामात परतलाच नाही. २ जुलै १९१४ ला तो गेला. समितीचा अहवाल आला तोही त्याच वर्षी, आणि महायुद्धामुळे तसाच पडून राहिला.

त्या हजारो अंगणांपैकी एक, हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं, आज संग्रहालय म्हणून जपलंय. कधी बर्मिंगहॅमला शिकायला गेलात तर बघून या. कॉर्पोरेशन स्ट्रीटवरून चालत जाता येतं.