विश्लेषण : ‘ट्रू क्राइम’मध्ये लेखक कोणाच्या बाजूने? ठगाची कहाणी लिहिणाऱ्या पोलिसाची गोष्ट

‘ट्रू क्राइम’ वेब मालिकांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो : खुन्याचीच बाजू जास्त ऐकू येते. हा प्रश्न नवा नाही. तुळजापूर-नळदुर्ग भागात काम केलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८३९ मधील पुस्तकातही तो आहे.

कोण होते मेडोज टेलर?

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. पंधराव्या वर्षी ते एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईत आले. पेढी डबघाईला आलेली निघाली आणि ते निजामाच्या सैन्यात दाखल झाले. विशीच्या आसपास तुळजापूर परिसरातील पोलिसांचे काम त्यांच्याकडे आले. वाटसरूंच्या खुनांचा माग ते काढत होते, पण तपास अर्धवट असतानाच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. ठगांच्या बंदोबस्ताचे श्रेय पुढे विल्यम स्लीमन यांना मिळाले.

पुस्तक कशावर आधारलेले?

१८३० च्या दशकात टेलर यांनी हैदराबादेत ठगांचे जबाब ऐकले. त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो. लहानपणी ठगांनीच त्याच्या आईवडिलांना मारून त्याला वाढवलेले असते. त्यामुळे वाचकाला त्याची कीव येते.

सहानुभूती कुठे, पूर्वग्रह कुठे?

अमीर अली माफीचा साक्षीदार आहे. अशा साक्षीदारांना जबाबाच्या बदल्यात फाशीतून सूट मिळे. म्हणजे जितके जास्त सांगावे, तितका जीव सुरक्षित. शिवाय ऐकणारा ‘साहेब’ सत्तेचा माणूस. ठगी हा देशभर पसरलेला, धर्माशी जोडलेला कट होता, हे चित्र इंग्रजांनी फुगवले, असे काही इतिहासकार मानतात. ते चित्र इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. आणि मारले गेलेले वाटसरू? त्यांची गोष्टही मारणाऱ्याच्याच तोंडून येते.

टेलर भारतद्वेष्टे होते का?

तसे म्हणता येत नाही. ते इथल्या भाषा शिकले. सुरपूर संस्थानाचा कारभार त्यांनी बाल राजाच्या वतीने सांभाळला. १८५३ नंतर ते नळदुर्ग जिल्ह्याचे अधिकारी होते. १८६३ ची त्यांची ‘तारा’ कादंबरी शिवकाळावर आहे. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र पुढच्या वर्षी आले. आपुलकी खरी असूनही लेखकाची खुर्ची बदलत नाही, हेच त्यांच्या आयुष्यातून दिसते.

वाचताना काय तपासावे?

जबाब कोणाचा, तो कोणत्या सवलतीच्या बदल्यात दिला आणि कोणी लिहून घेतला, हे तीन प्रश्न विचारावेत. चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा : ज्याचा जीव गेला, त्याच्या वतीने कोण बोलले?