शर्यतीच्या धुळीतून आलेला गारवा

शनिवार-रविवारची जोडसुट्टी साधून मोटारशर्यत पाहायला, किंवा स्वतः गाडी पळवायला, निघालेल्या अमेरिकी वा ऑस्ट्रेलियन कुटुंबाच्या सामानात आता तंबू, हत्यारांची पेटी आणि जादा टायर यांच्या जोडीला एक छोटा फ्रीजही असतो. गाडीच्या बारा व्होल्टच्या जोडणीवर किंवा वेगळ्या बॅटरीवर तो चालतो. आतला चिमुकला कॉम्प्रेसर गरजेपुरता सुरू होतो आणि बंद पडतो. बॅटरी फार उतरली, तर परतताना गाडीच सुरू होणार नाही, म्हणून तो आपणहून थांबतो. खड्डे, धूळ, ऊन सारे सोसून दूध, मांस, औषधे गार राहतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. परंतु हादरत्या वाहनात यंत्राच्या साह्याने थंडावा टिकवणे ही गोष्ट १९३० च्या दशकात बहुतेकांना अव्यवहार्य वाटत होती. ती व्यवहारात आणणारा गृहस्थ स्वतःच शर्यतीच्या गाड्या बांधत असे आणि हाकतही असे. त्याचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

जोन्स यांचा जन्म १८९३ चा. काही चरित्रकार जन्मस्थान सिनसिनाटी देतात, काही कोव्हिंग्टन. ही दोन शहरे ओहायो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली असल्यामुळे या वादाला फारसा अर्थ नाही. वडील आयरिश वंशाचे, रेल्वेत काम करणारे, आई कृष्णवर्णीय. आईचे छत्र लहानपणीच हरपले. सात वर्षांच्या मुलाला वडिलांनी एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हवाली केले आणि दोनेक वर्षांत तेही वारले. चर्चच्या आवारात झाडलोट करावी, स्वयंपाकघरात हात लावावा आणि उरल्या वेळात शिकावे, असा त्या मुलाचा दिनक्रम होता. अकराव्या वर्षी तो तेथून निघाला आणि सिनसिनाटीच्या एका मोटार गॅरेजमध्ये झाडूवाला पोऱ्या म्हणून लागला. पुढे कोणत्याही विद्यालयाची पायरी त्याने चढल्याची नोंद नाही. झाडू मारता मारता कारागिरांचे हात न्याहाळणे हेच त्याचे शिक्षण. चौदाव्या वर्षी तो मेकॅनिक झाला आणि थोड्याच काळात त्या कारखान्याचा फोरमन.

गॅरेजचे मालक शर्यतीचे शौकीन होते. त्यांच्यासाठी जोन्स गाड्या बांधू लागले. मात्र त्या हाकण्याची मुभा त्यांना नव्हती. आपण बांधलेली गाडी दुसऱ्याने पळवायची आणि आपण गॅरेजमध्ये बसायचे, हे त्या तरुणाला सोसेना. परवानगी नसताना तो शर्यत पाहायला गेला, त्याबद्दल कामावरून काही दिवस दूर केला गेला, आणि मग परत आलाच नाही. शिकागोला जायचे म्हणून निघालेला हा मुलगा इलिनॉय राज्यातील एफिंगहॅम गावी पोहोचला. तेथे एका हॉटेलातील बिघडलेली तापयंत्रणा त्याने दुरुस्त केली, आणि त्याच हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्याने त्याला मिनेसोटातील एका मोठ्या शेतावरील यंत्रांची देखभाल करण्याचे काम देऊ केले. १९१२ च्या अखेरीस जोन्स कॅनडाच्या सीमेजवळील हॅलॉक या गावी आले.

हॅलॉक म्हणजे रेड नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचे छोटे गाव. कडाक्याची थंडी, जवळपास कृष्णवर्णीयांची वस्ती नाही. तरीही जोन्स यांना आयुष्यात पहिल्यांदा घर म्हणावे असे ठिकाण मिळाले ते येथेच. पहिल्या महायुद्धात ते सैन्यातून फ्रान्सला गेले, छावण्यांमधील वीज आणि दूरध्वनीच्या तारांची कामे केली, सार्जंट झाले, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा याच गावात परतले. वीजशास्त्र आणि यंत्रशास्त्राची पुस्तके मागवून त्यांनी रात्री अभ्यास केला. गावाच्या रेडिओ केंद्रासाठी ट्रान्समीटर बांधला. गावातील डॉक्टरांना हिमवर्षावातही रोग्यांपर्यंत पोहोचता यावे म्हणून घसरपट्ट्यांवर धावणारी, पंख्याने ढकलली जाणारी गाडी तयार केली. रुग्णापाशी नेता येईल असे क्ष-किरण यंत्रही त्यांनी जुळवले. शेवटच्या दोन गोष्टींकडे नीट पाहिले, तर त्यांच्या पुढील कामाचे बीज त्यांतच दिसते. यंत्र जागचे हलवून माणसापर्यंत न्यायचे, हा एकच ध्यास.

आणि अर्थातच, शर्यती. आता अडवणारा मालक नव्हता. त्यांनी स्वतःची गाडी बांधली, तिला १५ हा क्रमांक दिला आणि मिनेसोटा व आसपासच्या जत्रांमधील मातीच्या धावपट्ट्यांवर ती पळवली. एकदा तिने विमानालाही मागे टाकले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. मातीची धावपट्टी हा यंत्राचा मोठा निर्दय परीक्षक असतो. एक-एक बोल्ट सैल होतो, नळ्यांना तडे जातात, इंधनाच्या वाटेत धूळ बसते. ज्या गाडीचे भाग वजनाला हलके, मजबूत आणि हादरे पचवणारे, तीच शेवटपर्यंत टिकते. १९२० च्या दशकात झालेल्या एका भीषण अपघातातून जोन्स कसेबसे वाचले आणि त्यांनी शर्यत सोडली. तोवर शिकायचे ते शिकून झाले होते.

बोलपट आले तेव्हा हॅलॉकच्या चित्रपटगृहाला महागडी ध्वनियंत्रणा परवडेना. जोन्स यांनी ती सुट्या भागांतून आणि भंगारातून उभी केली. तिची कीर्ती मिनियापोलिसमधील चित्रपटगृहांना यंत्रे पुरवणारे व्यावसायिक जोसेफ न्यूमेरो यांच्या कानी गेली आणि १९३० च्या सुमारास त्यांनी जोन्स यांना आपल्याकडे नोकरीस घेतले.

शीतयंत्राची कथा १९३८ ची. न्यूमेरो यांचे स्नेही हॅरी वर्नर यांचा मालवाहतुकीचा व्यवसाय होता. उकाड्यात बर्फ वितळून कोंबड्यांच्या मांसाचा अख्खा ट्रक नासल्याची कैफियत त्यांनी गोल्फच्या मैदानावर मांडली. त्या काळी नाशवंत माल बर्फ आणि मिठावर भिस्त ठेवून पाठवला जाई. वाटेत ट्रक रखडला की माल गेला. न्यूमेरो यांनी थट्टेच्या भरात गाडी थंड ठेवणारे यंत्र बनवून देण्याची बढाई मारली. वर्नर यांनी ती खरी धरली आणि काही दिवसांनी ट्रक न्यूमेरो यांच्या दारात आणून उभा केला. तोंडघशी पडण्याची वेळ आलेल्या न्यूमेरो यांना जोन्स यांनी सावरले. आत चढून त्यांनी मापे घेतली आणि काम होईल असे सांगितले.

अडचणी दोन होत्या. शीतयंत्र चालवायला ऊर्जा कोठून आणायची, आणि ते हादऱ्यांनी मोडून पडू नये म्हणून काय करायचे? यापूर्वी ट्रकमध्ये बसवून पाहिलेली यंत्रे फार जागा व्यापत आणि नळ्यांचे जोड निखळून बंद पडत. जोन्स यांनी ट्रकच्या इंजिनावर विसंबणे टाळले आणि शीतयंत्राला स्वतःचे छोटे पेट्रोल इंजिन दिले. आतले तापमान वाढले की ते आपोआप सुरू व्हावे, उतरले की थांबावे, अशी योजना केली. आजच्या फ्रीजमध्ये इंजिनाच्या जागी बॅटरी आली, पण देखरेखीवाचून स्वतःला सांभाळणाऱ्या यंत्राची कल्पना तीच आहे. दुसऱ्या अडचणीचे उत्तर त्यांना कोणत्याही पुस्तकात शोधावे लागले नाही. ते मातीच्या धावपट्टीवरून त्यांच्याबरोबरच आले होते.

पहिले यंत्र वजनदार होते आणि ट्रकच्या तळाशी टांगले होते. रस्त्यावरचा चिखल आणि धूळ त्यात जाऊ लागली. मग जोन्स यांनी ते हलके करून ट्रेलरच्या पुढील भिंतीवर उंच बसवले. आजही महामार्गावरील शीतट्रकच्या कपाळावर ती पेटी त्याच जागी दिसते. संपूर्ण संच सुटा काढता येत असल्यामुळे बिघाड झाला तरी ट्रक अडकून पडत नसे. न्यूमेरो यांनी चित्रपटयंत्रांचा धंदा विकून टाकला आणि याच यंत्रासाठी नवी कंपनी काढली. पुढे ती थर्मो किंग या नावाने जगभर ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात अशीच फिरती शीतयंत्रे लष्कराच्या रुग्णालयांसाठी रक्त, औषधे आणि अन्न टिकवीत होती.

जोन्स यांच्या नावावर एकसष्ट पेटंटे आहेत, त्यांपैकी सुमारे चाळीस शीतकरणाची. वाहनांसाठीच्या त्यांच्या वातानुकूलन यंत्राचे गाजलेले पेटंट अनेक याद्यांत १९४० चे म्हणून दिले जाते. प्रत्यक्षात ते १२ जुलै १९४९ रोजी मंजूर झाले. ही पेटंटे कंपनीकडे सोपवलेली असत, त्यामुळे यंत्रावर झळकले ते कंपनीचे नाव. १९४४ मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले; त्या संस्थेत प्रवेश मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. हा सन्मान मिळाला तेव्हा देशाच्या दक्षिण भागात त्यांच्या यंत्राने गार ठेवलेले अन्न ज्या उपाहारगृहांत पोहोचत असे, त्यांपैकी कित्येकांत बसून जेवण्याची कृष्णवर्णीयांना मनाई होती.

२१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिस येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने जोन्स यांचे निधन झाले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत तंत्रज्ञानातील राष्ट्रीय पदक जोन्स आणि न्यूमेरो यांना एकत्रितपणे देण्यात आले. हे पदक मिळालेले जोन्स हे पहिले कृष्णवर्णीय. ते स्वीकारायला दोघांपैकी कोणीच हयात नव्हते; समारंभाला त्यांच्या पत्नी उपस्थित राहिल्या.