सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट नव्याने कशी सांगायची? गदिमांनी ते ५६ वेळा करून दाखवलं

गेमचे फॅन हल्ली आवडत्या गेमच्या जगात स्वतःची नवी स्टोरी रचतात. मग वाद ठरलेला. हे पात्र असं वागेलच कसं? मूळ गोष्टीला किती हात लावायचा?

हाच पेच ग. दि. माडगूळकरांसमोर १९५५ मध्ये आला होता.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, गाव शेटफळे. वडील औंध संस्थानात कारकून. शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंधला झालं. मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि पोटासाठी पोरगं सिनेमात गेलं. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त छोटं काम मिळालं, पुढे गाणी आणि पटकथा आल्या. बेचाळीसच्या चळवळीत कुंडल प्रतिसरकारचं केंद्र बनलं, तेव्हा शाहीर शंकरराव निकमांसाठी त्यांनी पोवाडेही लिहिले.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला नवं गाणं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला पुढे काय होणार हे आधीच माहीत! जरा काही खटकलं असतं तर लोकांनी सोडलं नसतं.

गदिमांनी घटनाक्रम वाल्मीकींचाच ठेवला. मोकळीक घेतली ती बोलणाऱ्याच्या जागी. रामाला गंगेपार नेणारे नावाडी, शूर्पणखा, शबरी, कुंभकर्ण, ज्याचा प्रसंग त्याच्या तोंडी गाणं. घडलं तेच, पण त्या क्षणी त्या माणसाला काय वाटलं असेल, हे गदिमांचं. म्हणून ते नवं वाटलं आणि खोटं वाटलं नाही.

त्यांची दुसरी गोष्ट उलट्या दिशेने गेली. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी, त्यांना उघड्या माळावर शेती करायला नेणारा जेलर. ऐकायला अशक्य वाटतं. पण आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने खरोखरच कैद्यांची खुली वसाहत वसवली होती. त्यावरून गदिमांनी लिहिलेला, व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये आला आणि बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला.

म्हणजे कल्पना कितीही मोठी असू दे, तिचा एक पाय ओळखीच्या जमिनीवर हवा.

१४ डिसेंबर १९७७ ला गदिमा गेले. रामनवमीला गीतरामायण मात्र आजही गावोगाव वाजतं.