सागरवाटांचा शोधक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १८०६ साली मॅथ्यू मॉरी याचा जन्म झाला. एकोणिसाव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला. पुढे त्याने जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणाही केली. परंतु १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झाला. समुद्रावरील त्याचे जीवन संपले.

१८४२ साली वॉशिंग्टन येथील आरमाराच्या नकाशांच्या कचेरीचा तो प्रमुख झाला. तेथे जहाजांच्या जुन्या नोंदवह्या धूळ खात पडल्या होत्या. कोणत्या दिवशी जहाज कोठे होते, वारा कसा होता, प्रवाह कोणत्या दिशेचा होता, हे सारे त्यांत टिपलेले होते. इतरांना जी रद्दी वाटे, तिच्यात मॉरीला ज्ञानाचे भांडार दिसले. त्याने हजारो नोंदी जुळवून १८४७ साली वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

त्या काळी अमेरिकेतून पीठ घेऊन ब्राझीलला जाणारी आणि तेथून कॉफी आणणारी शिडाची जहाजे जाताना आफ्रिकेच्या बाजूने दूरचा वळसा घालीत. ब्राझीलच्या टोकाजवळील प्रवाह जहाजास भलतीकडे ओढून नेतात, अशी खलाशांना भीती वाटे. ही भीती अवास्तव आहे, असे मॉरीने दाखविले. पण कचेरीत बसणाऱ्या एका अधू अधिकाऱ्याच्या कागदावर विसंबून माल व माणसे धोक्यात घालणार कोण? १८४८ साली बाल्टिमोर बंदरातील जॅक्सन नावाच्या कप्तानाने ते धाडस केले. रिओ दि जानेरोला पोहोचण्यास एरवी पन्नासहून अधिक दिवस लागत. त्याचे जहाज ३८ दिवसांत पोहोचले!

मग नकाशांना मागणी वाढली. मॉरी ते विनामूल्य देई. मोबदला एकच : प्रत्येक कप्तानाने आपल्या प्रवासातील नोंदी त्याच्याकडे धाडाव्यात. १८५३ साली ब्रुसेल्स येथील परिषदेत दहा राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी अशा नोंदींची एकच पद्धत ठरविली. १८५४ साली अटलांटिक महासागरात धुक्यात दोन आगबोटींची टक्कर होऊन तीनशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हा मॉरीने जाणाऱ्या व येणाऱ्या आगबोटींसाठी वेगवेगळे मार्ग आखून दिले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांस मॉरी जाऊन मिळाला आणि त्याची कचेरी सुटली. त्या युद्धात दक्षिणेचा पराभव झाला. १८७३ साली मॉरी मरण पावला.

शिडाच्या जहाजांचा काळ मागे पडला. परंतु आजही व्यापारी जहाजे भर समुद्रातून हवामानाच्या नोंदी पाठवीत असतात. एका नाविकाचा अनुभव सर्वांच्या उपयोगी पडावा, ही रीत मॉरीने घालून दिली.