अर्धे वाक्य आणि आगरकर

संध्याकाळी बाबा बांधीवरून परतले की माय एवढेच विचारते, झाली? काय झाली, हे ती सांगत नाही. दिवस रोवणीचे असतात, म्हणून बाबांना कळते. शाळेत वाक्यपृथक्करण करताना असा न उच्चारलेला शब्द गुरुजी कंसात लिहायला लावीत व त्याला अध्याहृत म्हणत. याच विषयावर 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक १८८८ साली लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर आपल्याला बहुधा फक्त समाजसुधारक म्हणून ठाऊक असतात.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. आपल्या विदर्भातील अकोल्याहूनच ते १८७५ साली मॅट्रिक झाले. पुण्याला कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. तो रात्री धुऊन सकाळी घालीत.

मुलगा एवढा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी धरील, अशी आशा आईला असणारच. ती तिने पूर्ण बोलून दाखविली असो वा नसो, मुलाला ती उमगली. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून स्पष्ट कळविले की, आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितासाठी वेचणार.

तो शब्द त्यांनी पाळला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत ते टिळक-चिपळूणकरांचे सहकारी झाले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ साली 'सुधारक' काढला. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते डगमगले नाहीत. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मला त्यांचे ते पत्रच सर्वांत मोठे वाटते. अर्धे वाक्य ऐकणारा आपल्या मनातल्या गोष्टीने पुरे करतो. आगरकर गप्प राहिले असते, तर आईने त्या मौनाचा अर्थ आपल्या आशेप्रमाणे लावला असता.

आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मीच पहिला. माझे बी. ए. झाले म्हणजे, एवढे बोलून माय थांबते. पुढचे शब्द मला ठाऊक आहेत. मी नुसती मान हलवतो आणि ती समाधानाने चुलीकडे वळते. मायला वाचता येत नाही. तेव्हा माझे पूर्ण वाक्य मला तिच्यासमोर बसून, तोंडानेच बोलावे लागेल.