गणेशपुरीचे अवधूत आणि माझं एक खोटं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा हा अंक आमच्या घरी कित्येक वर्षं येतो. आधी वडील वाचायचे, मग यजमान, आता मी वाचते. त्यात आपण काही लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. यंदा लिहिते आहे, कारण एक कबुली द्यायची आहे. ती देताना गणेशपुरीच्या नित्यानंद बाबांचं चरित्र सांगावं लागेल. त्या चरित्रानेच मला ही कबुली द्यायला लावली.

मी मुरबाड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि घर खायला उठलं. सुनेने ओळखीतून शहापूर तालुक्यातल्या एका ध्यान-योग शिबिरात माझं नाव घातलं. एसटीने सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठलं आणि तिथून काळीपिवळीने पुढे गेले. समोर माहुलीचे सुळके, खाली तानसा धरणाचं पाणी. जागा मोठी प्रसन्न होती. शिबिर घेणारी माणसंही भली होती. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही, तो माझाच.

तीन दिवस पहाटे चारला घंटा व्हायची. आसनं, प्राणायाम, मग ध्यान. दुपारी मुगाची खिचडी, पुन्हा ध्यान. दिवसभर मौन. मी डोळे मिटले की दवाखान्यातल्या शेवटच्या रात्री उभ्या राहायच्या. त्यांचा खोकला ऐकू यायचा. गुडघे ठणकायचे. तिन्ही दिवस याच्यापलीकडे काही म्हणता काही झालं नाही.

शेवटच्या दिवशी अनुभव सांगायचे होते. कोणाला नाद ऐकू आला होता, कोणाच्या पाठीच्या कण्यातून ऊब चढली होती. माझी पाळी आली. जन्मभर वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी, काहीच झालं नाही असं सांगायची लाज वाटली. भुवयांच्या मध्ये निळा प्रकाश दिसला असं मी सांगितलं. सगळ्यांनी हात जोडले.

माझ्यानंतर तिशीतली एक मुलगी उठली. तीही मुरबाडकडचीच. तिचं लहान बाळ त्याच वर्षी गेलं होतं. तिला एक शब्द बोलता आला नाही, ती खाली बसून रडायला लागली. सामान बांधताना ती मला म्हणाली की सगळ्यांना मिळालं, बाईंनाही मिळालं, आपल्यालाच नाही, म्हणजे आपल्याच पदरी काही पाप असणार, म्हणूनच बाळ गेलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिले.

घरी आल्यावर ते वाक्य मला झोपू देईना. देवघरात वडिलांनी लावलेली एक जुनी तसबीर आहे. काळासावळा देह, कमरेला फक्त लंगोटी, अर्धमिटले डोळे. तेच नित्यानंद बाबा. वडील तरुणपणी त्यांच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. लहानपणापासून बघत आलेली ती तसबीर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मग बाबांची चरित्रं मिळवून वाचायला बसले.

बाबांच्या जन्माची लेखी नोंद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केरळात कोझिकोडच्या परिसरात ते एका बाईला तान्हेपणी सापडले, असं परंपरा सांगते. उण्णी अम्मा नावाच्या गरीब बाईने त्यांना वाढवलं आणि राम असं नाव ठेवलं. ती ज्या घरी काम करायची त्या ईश्वर अय्यर नावाच्या वकिलांनी पुढे मुलाला आपल्या घरात घेतलं. अय्यर सूर्याचे उपासक. त्यांच्याबरोबर राम काशीयात्रेला गेला आणि तिथून एकटाच उत्तरेकडे निघून गेला. काही वर्षं हिमालयात गेली. तिथे त्यांनी काय केलं, कोणाजवळ राहिले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. अनुभवांचा हिशेब त्यांनी कोणालाच दिला नाही. इथेच मी पहिल्यांदा थबकले.

परत आल्यावर अय्यरांच्या अखेरच्या काळात ते त्यांच्याजवळ होते. मग दक्षिणेत भटकंती सुरू झाली. १९२०च्या दशकात उडुपी, मंगळूर, कान्हनगड या भागात लोक त्यांना ओळखू लागले. कोणी पाया पडायचं, कोणी वेडा म्हणून दगड मारायचं. दोन्हींचं त्यांना सारखंच. कान्हनगडला त्यांनी जांभ्या दगडात गुहा खोदवून घेतल्या, रान साफ करून घेतलं. मजुरांची रोजची मजुरी कुठून यायची याच्या कितीतरी कथा आहेत. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की काम करणारा माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने गेला नाही.

मंगळूरकडे ते कधी कधी भावावस्थेत बोलायचे. तुलसी अम्मा आणि इतर भक्त स्त्रियांनी ते बोल टिपून ठेवले. त्याचा कानडीत चिदाकाश गीता नावाचा ग्रंथ झाला. बाबांनी स्वतः हातात लेखणी धरली नाही. पुढे तर बोलणंही कमी कमी होत गेलं.

१९३०च्या दशकात ते आपल्या ठाणे जिल्ह्यात आले. आधी वज्रेश्वरीला राहिले. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी जिला नवस केला आणि १७३९च्या विजयानंतर जिचं देऊळ बांधलं, तीच ही देवी. तिथून १९३६च्या सुमारास ते जवळच्या गणेशपुरीला गेले. आज तिथे लॉज आहेत, हॉटेलं आहेत, पण तेव्हा दाट रान होतं, वाघाची भीती होती आणि पक्का रस्ता नव्हता. भीमेश्वर महादेवाचं जुनं देऊळ आणि त्याच्या शेजारी जमिनीतून उसळणारी गरम पाण्याची कुंडं, एवढंच काय ते. त्या देवळाजवळ बाबा झोपडीत राहिले.

गंमत म्हणजे गणेशपुरीजवळून वाहते ती नदी तानसाच. ज्या पाण्याकडे बघत मी शिबिरात तीन दिवस बसले, ते धरण १८९२पासून मुंबईला पाणी पाजतंय, आणि त्याच्या खाली उरलेली नदी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी करत पश्चिमेला जाते. मी उगमाच्या बाजूला बसून जे शोधत होते ते खाली पंचवीस वर्षं उघड्यावर बसलेलं होतं.

गणेशपुरीत बाबांनी काय केलं? कुंडं साफ करून बांधून घेतली, म्हणजे आजारी, थकलेल्या माणसाला अंघोळ करता येईल. देवळाची डागडुजी केली. आणि भोवतीच्या पाड्यांवरच्या वारली, कातकरी मुलांना जेवू घातलं. आवणी झाली की कोठीतलं धान्य संपतं आणि हळवं भात हाती येईपर्यंत पोटाला चिमटा बसतो, हे आमच्याकडच्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको. वर्गात पोरं पेंगायची ती भुकेनेच. भक्त बाबांपुढे फळं, मिठाई, कापड आणून ठेवायचे. ते सगळं त्या मुलांकडे, गोरगरिबांकडे जायचं. ते बालभोजन गणेशपुरीत आजही चालू आहे.

कीर्ती वाढली, मुंबईहून गाड्या यायला लागल्या. शेठ आले, नट आले, आजारी आले, लॉटरीचा आकडा विचारणारेही आले. बाबा बाकावर बसलेले किंवा आडवे असायचे. लोक समोरून जायचे. कोणाला एखादा तुटक शब्द मिळायचा, बहुतेकांना तेवढाही नाही. त्यांनी प्रवचनमाला केली नाही, दीक्षेचा समारंभ केला नाही, शिबिर घेतलं नाही. पहिला आश्रम वैकुंठ, नंतर त्यांच्यासाठी बांधलेलं कैलास. पण दोन्हीकडे बाबांचा पोशाख तोच, एक लंगोटी.

आपण दत्तभक्त अवधूत हा शब्द रोज उच्चारतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे दत्तप्रभूच, ही आपली श्रद्धा. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली. त्या चोवीसांत एक अजगर आहे. तो धावत नाही, मागत नाही, जे येईल त्यावर राहतो. मी शाळेत हा अजगर मुलांना सांगायचे तेव्हा मला तो आळशी वाटायचा. बाबांचं चरित्र वाचताना तो कळला. आपल्यापुढे काय येतंय याची मोजदाद न करता बसणं, ही त्याची विद्या.

या मौनातून एवढी मोठी ध्यानपरंपरा निघाली हेही खरं. १५ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, बाबांनी स्वामी मुक्तानंदांवर कृपा केली. मुक्तानंद बुवा झाले, शिबिरं भरवली, असं लगेच काही झालं नाही. त्यांनी येवल्याला आणि चाळीसगावजवळ सुकीला झोपडीत बसून वर्षानुवर्षं साधना केली. १९५६ साली बाबांनी त्यांना गणेशपुरीजवळ गावदेवीच्या जागेत बसवलं. १९७० नंतर ते परदेशात गेले आणि ध्यानाची शिबिरं जगभर पोहोचली. आज आपण तीन दिवसांत प्रकाश मागतो, आणि तो मागण्याआधीची ती नऊ वर्षं विसरतो. मी तर विसरलेच होते.

१९६१ची गुरुपौर्णिमा २७ जुलैला होती. बाबांची तब्येत उतरली होती, तरी त्या दिवशी ते भक्तांशी बोलले. त्यानंतर बाराव्या दिवशी, ८ ऑगस्ट १९६१ ला, त्यांनी देह ठेवला. भर पावसाळ्यात माणसांची रीघ लागली. जुन्या वैकुंठाच्या जागी त्यांची समाधी आहे.

आता वडिलांची गोष्ट. त्यांचा धाकटा भाऊ आजारी होता, त्याला बरं वाटावं म्हणून ते रान तुडवत गणेशपुरीला गेले. दुपारभर बसले. बाबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बोलले काही नाहीत. निघताना कोणीतरी पोरांच्या पंगतीत बसवून जेवू घातलं. काका काही वाचले नाहीत. तरीही वडील जमेल तेव्हा पुण्यतिथीला जात राहिले. मग तुम्हाला काय मिळालं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की तिथून उपाशी परत आलो नाही, आणि काय दिसलं हेही कोणी विचारलं नाही. तेव्हा मला हे उत्तर अर्धवट वाटलं होतं.

चरित्र वाचून संपलं त्याच आठवड्यात मी भिवंडी, अंबाडीवरून वज्रेश्वरीला आणि पुढे गणेशपुरीला गेले. समाधीपुढे डोळे मिटले. पुन्हा तोच खोकला. या वेळी मी त्याला हाकललं नाही. जवळच मुलं रांगेत बसत होती. एक बारकी पोर ताटातला शिरा आधी धाकट्या भावाला भरवत होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मला आमच्या मुलीची, म्हणजे शिबिरातल्या त्या मुलीची, आठवण आली. प्रसाद घेतला आणि ठरवलं.

तिचं गाव ठाऊक होतं. विचारत विचारत घरी गेले. ओटीवर बसून सगळं सांगितलं. मला निळा प्रकाश दिसला नव्हता, मी खोटं बोलले होते, आणि तुझ्या बाळाच्या जाण्याशी तुझ्या ध्यानाचा काडीचा संबंध नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता घालवून देईल. ती आत गेली, चहा घेऊन आली. मग बाळाचं नाव सांगितलं. शिबिरात तीन दिवस मौन होतं, नंतरही मी विचारलं नव्हतं. तिने ते नाव दोनदा सांगितलं.

आता दर गुरुवारी आम्ही दोघी आमच्या गावच्या दत्तमंदिरात अर्धा तास बसतो. तिला बाळ आठवतं, मला यजमान. बसून झालं की एकमेकींना काही विचारत नाही. मंदिराबाहेर शाळेतली पोरं वाट बघत असतात, त्यांना केळी नाहीतर चणे-गूळ वाटतो आणि आपापल्या घरी जातो.

वाचकांपैकी कोणी शिबिरात जाऊन रिकाम्या हाताने परतलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिलं. अवश्य जावं, बसावं. काही दिसलं तर ती कृपा. नाही दिसलं तर नाही म्हणावं. शेजारी बसलेल्याला त्याचाच आधार होईल.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥