धागा तुटतांच थांबणारा माग : साकिची टोयोडा

अंगावरील कपडा आपण सर्वच रोज वापरतों. परंतु त्या कापडांत दोष राहूं नये म्हणून एका सुताराच्या मुलानें आपलें आयुष्य वेंचिलें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. जपानांतील साकिची टोयोडा यांचें तें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

त्यांचा जन्म सन १८६७ सालीं हल्लींच्या शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत झाला. गांवच्या बायका घरोघर हातमागावर कापड विणीत. त्यांचे कष्ट पाहून साकिचींचें मन मागाकडे ओढलें. सन १८९० सालीं टोकियो येथें औद्योगिक प्रदर्शन भरलें, तेव्हां तेथील यंत्रें त्यांनीं वारंवार जाऊन न्याहाळलीं. पुढल्याच वर्षीं त्यांस आपल्या लांकडी हातमागाचें पेटंट मिळालें. हा माग एका हातानें चाले. कापड अधिक निघे व वीणहि सारखी येई.

खरी अडचण पुढेंच होती. यंत्रमाग कितीहि वेगानें चालो, त्यास डोळे नसतात. आडवा धागा तुटला तरी तो चालतच राही व वारच्या वार कापड सदोष निघे. म्हणून मागापाशीं सतत पहारा ठेवावा लागे. सन १८९६ सालीं साकिचींनीं सिद्ध केलेला यंत्रमाग मात्र आडवा धागा तुटतांच किंवा संपतांच आपोआप थांबे. दोष मागाहून निवडीत बसण्यापेक्षां तो वाढूंच न देणें बरें, हें तत्त्व त्यांत होतें.

त्यांचा मार्ग सुखाचा नव्हता. ज्या कंपनीस त्यांचें नांव होतें, तींतूनच सन १९१० सालीं त्यांस बाहेर पडावें लागलें. त्यांनीं हाय न खातां अमेरिका व युरोप येथील कारखाने पाहिले आणि परत येऊन पुन्हां प्रयोग आरंभिले. सन १९२४ सालीं पुत्र किइचिरो यांच्या साहाय्यानें पुरा झालेल्या मागांत, तो चालू असतांच धोटा बदलण्याची व उभा धागा तुटल्यासहि थांबण्याची सोय झाली. एका कामगारास आतां अनेक माग संभाळतां येऊं लागले. सन १९२९ सालीं इंग्लंडांतील विख्यात प्लॅट ब्रदर्स कंपनीनें या मागाचे हक्क १,००,००० पौंडांस घेतले. पुढल्या वर्षीं साकिची निवर्तले.

वह्या तपासतांना आम्हांस नेहमीं दिसतें कीं, पहिल्या ओळींतील चूक तशीच ठेवून मुलें सारें गणित पुरें करितात. परंतु मध्येंच थांबलेल्या मुलास आळशी म्हणून आम्हींच किती वेळां दटाविलें असेल! चूक दिसतांच थांबावें, कारण शोधावें व मग पुढें जावें, हा धडा विद्यार्थ्यांनीं घ्यावा. आणि थांबणाऱ्यास अवसर देण्याचा आम्हां शिक्षकांनीं.